कोडचा घोळ वेगळा आणि वळणाचा घोळ वेगळा

"सगळे एचओचेच ट्रॅक आहेत ना, मग जोडले तर काय बिघडलं?" हा प्रश्न मॉडेल रेल्वेच्या छंदात नवीन आलेले लोक हमखास विचारतात, आणि तसं बघितलं तर चूक नाहीये, कारण एचओ म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:८७ मापाची छोटी रेल्वे आणि दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी, ते सगळीकडे सारखंच. (आपलं खरं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे हिशोबाने १९ मिमीच्या वर जायला हवं, पण भारतीय मॉडेल्ससुद्धा १६.५ वरच धावतात.) पण गेज सारखं असलं तरी कोड आणि रेडियस हे दोन आकडे वेगळे असू शकतात आणि लोक या दोन्हीला सरसकट "ट्रॅकचा साइज" म्हणतात, तिथेच गाडी घसरते.

कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे साधारण २.१ मिमी. फरक अर्धा मिमीपण नाही, नुसतं बघून कळणारही नाही, पण बोटाचं नख रुळावरून हळू सरकवत न्या, जॉइंटवर टक्क करून अडकेल. तीच पायरी चाकाला लागते. रेडियसचा, म्हणजे वळणाच्या त्रिज्येचा, उंचीशी काहीही संबंध नाही, ते वळण किती मोठं एवढंच सांगतं.

मग नेमकं काय बिघडलंय हे ओळखायचं कसं? गाडी दर वेळी एकाच जॉइंटवर उडते आणि छोटा वॅगन असो की इंजिन, सगळ्यांनाच तिथे धक्का बसतो, तर आधी उंची बघा. छोटे वॅगन मस्त जातात आणि फक्त लांब डबे वळणात उतरतात, तर रेडियस बघा.

उंचीचा इलाज तसा सोपा आहे, दोन वेगळ्या उंचीचे रूळ जोडणारे ट्रांझिशन जॉइनर मिळतात ते लावा, नाहीतर कमी उंचीच्या ट्रॅकखाली जाड लग्नपत्रिकेचे तुकडे सरकवत जा, नख अडकायचं थांबेपर्यंत. दोन ब्रँडच्या स्लीपरची जाडीपण वेगळी असू शकते म्हणून आकड्यावर नाही, नखावर भरवसा ठेवा.

वळणांचं गणित जास्त इंटरेस्टिंग आहे. ॲटलस कंपनीचे १८ इंची रेडियसचे तुकडे ३० अंशाचे, १२ लावले की गोल पूर्ण, आणि २२ इंची तुकडे २२.५ अंशाचे, त्याला १६ लागतात. आता अर्ध्या गोलात एक १८ चा तुकडा काढून तिथे २२ चा टाकला तर साडेसात अंश कमी पडतात, टोकं जुळत नाहीत, आणि लोक काय करतात तर हाताने दाबून बसवतात. तिथे रुळाला कोपरा येतो आणि मग वर्षभर तिथेच गाडी उतरते.

पण हेच मिक्सिंग नीट केलं तर फार सुंदर जमतं! सुरुवातीला २२ चा एक, मग १८ चे चार पूर्ण आणि एक अर्धा, आणि शेवटी परत २२ चा एक, बेरीज बरोबर १८० अंश. असा अर्धा गोल नुसत्या १८ च्यापेक्षा रुंदीला फक्त अर्ध्या इंचाहून जरासा जास्त लागतो आणि लांबीला दीड इंच, म्हणजे त्याच प्लायवूडच्या फळीवर बसतो, आणि गाडी वळणात झटका न देता अलगद शिरते. खऱ्या रेल्वेतही सरळ रुळावरून वळण असंच हळूहळू घट्ट होत जातं. मला स्वतःला लेआउटमधली, म्हणजे ट्रॅकच्या मांडणीतली, ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

फक्त लांब डब्यांचं भान ठेवा. एलएचबीचा, म्हणजे आपल्या रेल्वेच्या नव्या धाटणीचा, डबा खरा साडेतेवीस मीटर, एचओमध्ये पूर्ण लांबीचा केला तर २७ सेमी, आणि साधा ठोकताळा असा की वळणाचा रेडियस डब्याच्या निदान दुप्पट हवा, म्हणजे ५४ सेमी. १८ इंच म्हणजे जेमतेम ४६, तिथे तो डबा बाहेर लोंबतो आणि शेजारच्या लाइनवरच्या गाडीला घासायची भीती असते. २२ इंच म्हणजे ५६, तिथे निभतं. आणि डावीकडचं वळण संपल्या संपल्या लगेच उजवीकडचं जोडू नका, मध्ये एका डब्याएवढा सरळ ट्रॅक टाका, मग ते वळण १८ चं असो की २२ चं.