लेझर खडा वितळवत नाही

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्या कामगाराच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. लघवी घट्ट होते आणि तिच्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक धरू लागतात. बहुतेक मुतखडे असेच सुरू होतात. ५ मिलिमीटरच्या आतला खडा बऱ्याचदा आपोआप पडतो. मोठा अडकला की डॉक्टर दुर्बिणीचं ऑपरेशन सांगतात आणि घरातले म्हणतात, "लेझरनं वितळवणार आहेत."

वितळवत नाहीत. जे घडतं ते त्याहून सुंदर आहे.

कुठेही चिरा न देता, लघवीच्या वाटेनंच, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण मूत्रपिंडापर्यंत चढवतात. तिच्या पोटातून काचेचा बारीक तंतू जातो आणि त्यातून होल्मियम नावाच्या धातूवर चालणाऱ्या लेझरचे स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणभराचे झोत, सुटतात. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे २,१०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. पाणी तो इतक्या अधाशीपणानं शोषतं, की अर्ध्या मिलिमीटरच्या आतच बहुतेक ऊर्जा संपते. मग मध्ये पाणी असताना तो खड्यापर्यंत पोचतो कसा? स्पंदाचा पहिला हिस्सा त्या पाण्याची वाफ करून बुडबुडा तयार करतो आणि उरलेला प्रकाश बुडबुड्यातून सरळ खड्यावर आदळतो. बायबलमधल्या मोझेसनं समुद्र दुभंगल्याच्या कथेवरून याला मोझेस परिणाम म्हणतात. खड्याच्या आतही थोडं पाणी असतं. त्याची क्षणात वाफ होते आणि ज्वारीची लाही फुटावी तसा खडा आतून फुटतो. काही भागाचं उष्णतेनं रासायनिक विघटनही होतं.

पाण्याचा हाच अधाशीपणा रुग्णाला वाचवतो. तंतूचं टोक मूत्रनलिकेच्या, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतीपासून दोन-तीन मिलिमीटर लांब असलं, तर प्रकाश सहसा तिथवर पोचत नाही. पण उष्णता पाण्यात साठते, म्हणून सलाइनचा प्रवाह सतत चालू ठेवावा लागतो.

पोटाला तोंड लावून खडा ओढून काढणाऱ्या भोंदूंकडे आजही लोक जातात. मूत्रपिंडातून कातडीपर्यंत अशी वाटच नाही. खडा आधीच त्यांच्या तोंडात असतो. बोटांनी शस्त्रक्रिया करण्याचा दावा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

सगळे खडे अशाच लेझरनं काढू म्हणणाऱ्या जाहिरातींनाही भुलू नये. खडा २ सेंटीमीटरहून मोठा असेल, तर सहसा पाठीतून छोट्या छिद्रावाटे काढणंच बरं पडतं. या पद्धतीवरचा पहिला शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऑपरेशननंतर मूत्रनलिकेत बहुधा डीजे स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक लवचीक नळी, ठेवतात. दुखणं थांबलं म्हणून तो काढायला जायचं टाळू नका. महिनोन्महिने आत राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात.