गायकाच्या पायाशी आलेला स्टुडिओ

व्होकल प्रोसेसर, म्हणजे गाताना आवाजावर इफेक्ट चढवणारं आणि पेडलसारखं पायाने चालवायचं यंत्र, घ्यायला निघालेला गायक बहुधा पहिल्यांदा विचारतो, "यात इफेक्ट किती आहेत?" खरं तर कामाचे इफेक्ट चार-पाचच. त्यातला प्रत्येक स्टुडिओतली एखादी जुनी अडचण सोडवताना जन्मला. ती अडचण आपलीही आहे का, हे आधी पाहावं.

सगळ्यात जुना रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा. 1947 साली शिकागोत बिल पुटनम यांनी एका माउथ ऑर्गन त्रिकुटाच्या ध्वनिमुद्रणासाठी चक्क बाथरूममधला घुमारा वापरला. मग 1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने दोन मीटर लांब, एक मीटर रुंद पोलादी पत्रा चौकटीत ताणून बसवला. आवाजाने पत्रा थरथरायचा आणि ती थरथर पुन्हा टिपली जायची. यंत्राचं वजन अडीचशे किलोंच्या वर! आजच्या पेडलवर 'प्लेट' लिहिलेलं असतं, ते हेच.

इको आला टेपमधून. मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांनी 1950च्या दशकात तो गाजवला. टेप सेकंदाला 38 सेंटीमीटर धावत असेल आणि रेकॉर्डिंग व प्लेबॅकच्या हेडमध्ये 5 सेंटीमीटर अंतर असेल, तर शब्द साधारण 130 मिलिसेकंदांनी पुन्हा ऐकू येतो. संथ अभंगाला असा इको शोभतो; द्रुत लयीत मात्र शब्दांवर शब्द चढतात. म्हणून इकोची वेळ हाताने बदलता येणारं यंत्रच घ्यावं.

आवाज भरदार व्हावा म्हणून एकच गाणं दोनदा गाऊन एकावर एक चढवत; त्याचा बीटल्सच्या जॉन लेनन यांना कंटाळा होता. त्यावर 1966 मध्ये ॲबी रोड स्टुडिओच्या केन टाउनसेंड यांनी टेपच्याच साहाय्याने 'डबलिंग' आपोआप होईल अशी सोय केली.

हार्मनीचा, म्हणजे गाण्याच्या स्वरासोबत दुसरा स्वर जोडण्याचा, प्रश्न अवघड होता. 1970च्या दशकात इव्हेंटाइड कंपनीच्या हार्मोनायझर या यंत्राने स्वर वरखाली नेता येऊ लागला, पण जास्त वर नेला की आवाज कार्टूनसारखा व्हायचा, कारण घसा आणि तोंडाच्या पोकळीने दिलेला रंगही स्वरासोबत सरकायचा. तो रंग जागेवर ठेवण्याचं तंत्र कॅनडाच्या आयव्हीएल कंपनीने विकसित केलं. 2000 साली व्होकल प्रोसेसरसाठी ओळखली जाणारी टीसी-हेलिकॉन उभी राहिली ती याच कंपनीच्या भागीदारीतून. अशा यंत्राला पट्टी सांगावी लागते: काळी एक म्हणजे सी शार्प.

सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून 1997चं. अँडी हिल्डेब्रँड हे तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचं विश्लेषण करणारे. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. आपल्या गायकांनी सगळ्यात जास्त सावध राहावं ते इथेच. बारा ठरीव स्वरांपैकी जवळच्या स्वराकडे ते गळा ओढतं, त्यामुळे मींड तुटते आणि दरबारी रागाचा आंदोलित गंधार सरळसोट होतो. दुकानात माइक लावून तोच गंधार गाऊन पाहा. 'करेक्शन' पूर्ण बंद करता येत नसेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.