लाइट का गेली, हे विचारा : घरातले विजेचे बिघाड आणि इलेक्ट्रिशियनची निवड

आमच्याकडे येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "लाइट गेलीय, कुणाला तरी लगेच पाठवा." आम्ही माणूस पाठवतोच. पण त्याआधी फोनवर चार प्रश्न विचारतो, आणि अंधारात उभं राहून उत्तरं देताना काही ग्राहक वैतागतात हेही आम्हाला कळतं. बिघाड कधी झाला? तेव्हा घरात काय काय चालू होतं? जळका वास आला का? एकच खोली गेली की सगळं घर? या उत्तरांवरून अर्धं निदान तिथेच होतं, आणि ती फक्त तुमच्याकडे असतात. वायरमन दारात पोचतो तोवर तापलेला बोर्ड गार झालेला असतो.

आमचा एक आग्रह आहे. कुणाकडूनही काम करून घ्या, पण लाइट परत आली की काम संपलं असं धरू नका. ती कशामुळे गेली होती हे विचारा आणि समजेल असं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

एमसीबी पडला तर

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप खाली पडून लाइन तोडणारा स्विच. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक धातूची पट्टी, जी जास्त करंटने हळूहळू तापून वाकते. दुसरी एक कॉइल, जी करंट एकदम उसळला की क्षणात ओढ घेते. त्यामुळे एमसीबी किती वेळाने पडला, यातच बिघाडाची खूण असते. वर करताच खटकन खाली आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा-वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त टिकून मग पडला तर बहुधा लोड जास्त होतोय.

लोडचा हिशेब घरी करता येतो : उपकरणावर लिहिलेले वॅट भागिले पुरवठ्याचे व्होल्ट. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर साधारण ८.७ अँपिअर घेतो. त्याच लाइनवर १००० वॅटची इस्त्री लावली की बेरीज १३ होते. त्यात २००० वॅटची पाणी तापवायची किटली आली की पावणेबावीसच्या आसपास. १६ अँपिअरचा एमसीबी हे थोडा वेळ सोसेल आणि मग पडेल. तो बिघडलेला नाही, त्याचं काम चोख करतोय.

अशा वेळी त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, एमसीबी एकदा वर करा आणि उपकरणं एकेक करून लावा. ज्याच्यावर पडला ते बाजूला ठेवा. सगळं काढूनही पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका, कारण प्रत्येक वेळी बिघाडाच्या जागी ठिणगी उडते.

"सारखा पडतो, मोठा एमसीबी टाकून द्या" ही मागणी आम्ही मान्य करत नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरीच्या संरक्षणासाठी असतो. १६ अँपिअरसाठी घातलेल्या वायरीवर ३२ चा एमसीबी बसवला, तर यापुढे एमसीबी पडणार नाही. वायर तापत राहील, तीही प्लास्टरच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही. मोठा लोड हवा असेल तर जाड वायरीची स्वतंत्र लाइन ओढावी लागते. खर्चिक असली तरी योग्य वाट तीच आहे. फ्यूजमध्ये तांब्याच्या दोन-चार जास्तीच्या तारा पिळून घालणं हाही तसाच प्रकार.

आरसीसीबीचं काम वेगळं असतं. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) तेवढाच परत येतोय ना, हे तो सतत मोजतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढा करंट वाटेत कुठे गळाला, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर तो सेकंदाच्या छोट्याशा भागात लाइन तोडतो. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याला फरक कळत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर उघड्या वायरीला हात लावू नका. आरसीसीबी वरचेवर पडत असेल तर पाणी तापवायच्या हीटरचं एलिमेंट किंवा ओल गेलेला बाहेरचा दिवा आधी तपासावा. "हा उगाच त्रास देतो" म्हणत कुणी आरसीसीबी काढून लाइन सरळ जोडून देऊ लागला, तर त्याला तिथेच थांबवा. आरसीसीबीवर टी अक्षराचं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघा. दाबताच पडला नाही तर बदलून घ्या.

सैल स्क्रू

घरातल्या वायरिंगमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती सैल जोडाची. हिशेब बघा. स्क्रूखाली वायर नीट आवळलेली नसेल आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला असेल, तर १० अँपिअर करंट वाहताना त्या एका ठिपक्यावर ५० वॅट उष्णता निघते. इलेक्ट्रॉनिक कामात डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न साधारण एवढाच असतो. म्हणजे तुमच्या स्विचबोर्डाच्या आत, प्लास्टिकला चिकटून, एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे. आणि एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. १० अँपिअर हा त्याच्या दृष्टीने नेहमीचा लोड.

अशा जोडाची चाहूल मात्र लागते. प्लग काढताना पिन चटका बसेल इतकी गरम लागते. सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट-तपकिरी कडं येतं. बोर्डातून बारीक चरचर ऐकू येते. जळक्या प्लास्टिकचा, कधी चक्क सडक्या मासळीसारखा वास येतो. यातलं काहीही जाणवलं तर तो पॉइंट वापरणं त्याच क्षणी थांबवा, त्याचा एमसीबी पाडा आणि मग फोन करा.

एका घरी कपडे धुण्याच्या मशीनचं सॉकेट वर्षभरात तीनदा जळालं होतं. तिन्ही वेळा कुणीतरी येऊन नवं सॉकेट बसवून गेलं, दर वेळी आधीपेक्षा महागडं. आम्ही गेलो तेव्हा आधी मशीनचा प्लग हातात घेतला. त्याची एक पिन काळवंडली होती, टोकाला खड्डे पडले होते, बोटाने हलवली तर डुगडुगत होती. त्या खडबडीत पिनेने प्रत्येक नव्या सॉकेटची आतली पकड बिघडवली होती. भिंतीतली वायरही टोकाला काळी पडली होती, आणि जळक्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी जोड धड बसत नाही. आम्ही वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलले आणि मशीन गरम पाण्यावर अर्धा तास चालवून पिन हाताने तपासली. ती कोमट होती, बस. आधीच्या तिघांपैकी कुणीही प्लगकडे पाहिलं नव्हतं, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

लाइट मिचकावते, किंवा एकदम झगझगते

एकच दिवा मिचकावत असेल तर दोष दिव्यात, होल्डरमध्ये किंवा स्विचमध्ये सापडतो. पूर्ण खोली मिचकावत असेल तर मागच्या जोडात. मोठी मोटर सुरू होताना दिवे क्षणभर मंद होणं ही काळजीची बाब नाही.

पण काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही नेहमीपेक्षा झगझगीत झाले, पंखे जोरात फिरू लागले, तर जागेवरून उठा आणि मेन स्विच बंद करा. थ्री-फेज पुरवठ्याचा न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की असं होतं. मग काही लाइनींवर व्होल्टेज फार चढतं आणि टीव्ही, फ्रिज थोड्या वेळात जळू शकतात. आधी बंद, मग फोन. शेजाऱ्यांकडेही असंच होत असेल तर फोन वीज कंपनीला करा.

सिंगल-फेज घरात न्यूट्रल तुटला की वेगळंच कोडं पडतं : काहीच चालत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. लोक घाबरून "दोन्हीकडे फेज आलीय" म्हणून सांगतात. प्रत्यक्षात फेज घरातल्या चालू उपकरणांतून फिरून न्यूट्रलच्या वायरीवर आलेली असते. म्हणून बंद दिसणाऱ्या घरातही हात लावू नका. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असंही समजू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तरी तो कधी कधी पेटत नाही.

स्विच बंद केल्यावरही एलईडी अंधुक उजळत राहतो, ही तक्रारही वाढली आहे. बऱ्याचदा कारण निरुपद्रवी असतं, उदाहरणार्थ इंडिकेटर असलेला स्विच. पण कधी कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलेला सापडतो. तसं असेल तर स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते, आणि बल्ब बदलताना करंट लागतो. एकदा तपासून घ्याच.

फ्रिजला हात लावला की झिणझिण्या

अनवाणी पायांनी फ्रिज, संगणक किंवा मशीनच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिणी येते, आणि घरातले चप्पल घालून वावरायची सवय लावून घेतात. कृपया असं करू नका. अर्थिंग पोचत नसल्याची ही खूण आहे. आज गळती थोडी आहे म्हणून झिणझिणी आहे. उद्या आतली फेज पत्र्याला टेकली तर तोच पत्रा जीव घेईल.

यावर काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. त्या दिवशी झिणझिणी थांबते आणि ग्राहक खूश होतो. पण पुढे न्यूट्रल कुठे तुटला तर त्या उपकरणाच्या सगळ्या पत्र्यावर फेज येते. असा तुकडा दिसला की आम्ही आधी तो काढतो, बाकी काम नंतर.

माणूस कसा पारखायचा

परवाना आहे का, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. त्यानंतर फक्त त्याचे हात बघा. बोर्ड उघडण्याआधी तो मेन किंवा त्या लाइनचा एमसीबी बंद करतो का? वीज गेलीय की नाही हे मीटरने तपासतो का, आणि मीटर चालतोय हे आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर बघून घेतो का? वायरीच्या रंगावर भरवसा ठेवून हात घालतो का? जुन्या घरात लाल-काळा-हिरवा, नव्यात तपकिरी-निळा-हिरवापिवळा असे रंग भेटतात, पण मधल्या कुणीतरी हाताला येईल ती वायर जोडलेली असू शकते.

मोठ्या कामाचा अंदाज लेखी घ्या, त्यात सामान आणि मजुरी वेगळी मांडलेली असू द्या, वायरीची जाडीही लिहिलेली असू द्या. नुसतं "चांगली वायर" पुरेसं नाही. नवी लाइन ओढली तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरीवरचं इन्सुलेशन तपासून दाखवायला सांगा. किमान १ मेगओहम तरी यायला हवं, आणि चांगल्या नव्या वायरिंगमध्ये ते कितीतरी जास्त येतं.

आम्ही येण्याआधी

मीटर आणि डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) यांच्यासमोरचं कपाट, खोकी बाजूला करून ठेवा. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हे ठाऊक असेल तर कागदावर लिहा. नसेल तर आम्ही शोधून चिठ्ठ्या लावून देऊ. मीटरचं सील आम्ही तोडत नाही, त्याच्या आधीचा भाग वीज कंपनीचा आहे. बोर्डात पाणी गेलं असेल तर कोरड्या जागी उभं राहून मेनपर्यंत हात पोचत असेल तरच तो बंद करा. नाहीतर बाहेर थांबा. कुणाला करंट लागून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन पाडा, नंतर आपत्कालीन मदत बोलवा. आम्हाला फोन त्यानंतर.

काम झाल्यावर काढलेला जुना स्विच, सॉकेट किंवा वायरीचा तुकडा आम्ही तुमच्या हातात देतो आणि तो कुठे जळाला होता ते दाखवतो. आमचा माणूस घाईत विसरला, तर मागून घ्या.