मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघा

लहान मूल खोकायला लागलं की घरातल्या सगळ्यांचे कान त्या खोकल्याकडे लागतात. छाती घरघरते, कफ वाजतो, आजी ओव्याची पुरचुंडी शेकायला घेते. पण जिवाला धोका आहे का, हे खोकल्याच्या आवाजावरून बहुतेक वेळा कळत नाही. आठवडाभर जोरजोरात खोकणारं मूल अंगणात खेळतही असतं, आणि जेमतेम खोकणारं तान्हं बाळ न्यूमोनियाने काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतं. खरी खूण श्वासाच्या वेगात असते. तो मोजायला सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांत, पू आणि द्रव साचतो. तेवढ्या भागातून प्राणवायू रक्तात जात नाही. शिवाय सुजलेलं फुप्फुस ताठर होतं आणि ते पूर्ण फुगवायला जास्त ताकद लागते, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेऊ लागतं. आजार वाढला की तेवढ्यानेही भागत नाही. बाळाच्या बरगड्या मऊ असतात, त्यामुळे जोर लावून श्वास ओढताना छातीचा खालचा भाग आत जातो. 'पोटात खड्डा पडतोय' असं आया सांगतात ते हेच. काही बाळं श्वास सोडताना कण्हतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून शरीराने चालवलेली ती धडपड असते.

पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या डॉ. फ्रँक शान यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की जिथे एक्स-रे नाही तिथे श्वासांची संख्या आणि छातीचा हा खड्डा पाहून न्यूमोनिया ओळखता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे प्रत्येक घरात पाठ असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असतील, तर श्वास जलद आहे असं समजायचं.

मोजताना बाळ शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. अंगावरचं झबलं वर करून पोट वर येतं ते मोजायचं, आणि पूर्ण मिनिटभर मोजायचं. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच कमीजास्त होत असतो, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हिशेब चुकतो. तान्ह्याचा आकडा ६० किंवा जास्त आला तर एकदा पुन्हा मोजावं.

असे श्वास मोजून मुलांचे जीव वाचतात, याचा एक ठोस पुरावा गडचिरोलीतून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आरोग्यदूत आणि दायांना न्यूमोनिया ओळखून गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी साधन तयार केलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू बाकीच्या गावांत १७.५ होते, तर ही सोय असलेल्या गावांत ८.१. औषधही साधंच होतं, कोट्रायमोक्साझोल नावाचं प्रतिजैविक (अँटिबायोटिक).

म्हणून श्वास जलद असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. पोटात खड्डा पडत असेल, मूल कण्हत असेल, दूध-पाणी घेत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके येत असतील, उठवूनही नीट जागं होत नसेल किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. १०८ ला फोन करावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा त्याचं अंग गार पडलं, तरी तीच घाई करावी. अशा वेळी पोटावर चटके देण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. त्यात बाळाचं अंग भाजतं आणि उपचाराचे मोलाचे तास जातात.

श्वास संथ असेल, मूल पीत-खेळत असेल, तर बहुतेकदा ती विषाणूंची सर्दी असते. तिला प्रतिजैविक लागत नाही. अंगावरचं दूध चालू ठेवावं. लहानग्यांना दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध देऊ नये. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी.

मोठ्या माणसांत मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास म्हणजे गंभीर आजार. कोविडपासून अनेक घरांत ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र, आहे. फुप्फुसाचा जुना आजार नसेल आणि आकडा ९४ च्या खाली राहत असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावं. ९० च्या खाली गेला तर थेट रुग्णालय. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियात कधी तापच येत नाही. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजोबांना आज दिवस-रात्र कळेना, जेवण नकोसं झालं, तर वयाचं म्हणून सोडून देऊ नये; त्यांचाही श्वास मोजावा आणि डॉक्टरांना बोलवावं.