रोहूला जठर नसतं, म्हणून सोयाबीन आधी उकडा

इंदूरहून कुठल्याही बाजूला निघा, पावसाळ्यात शेतं सोयाबीननं भरलेली. आणि तरी देपालपूरकडे तळं घेतलेला माझा मावसभाऊ मध्यंतरी फोनवर रडकुंडीला आलेला, माशांच्या दाण्याची, म्हणजे तयार खाद्याची, गोणी परवडत नाही आणि हवी तेव्हा मिळतही नाही म्हणून. मत्स्यपालनात निम्म्याच्या वर खर्च दाण्यावरच जातो. दाण्यात पडणाऱ्या सोयाखळीचे, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्याचे, भावही बेभरवशाचे, 2021 मध्ये ते इतके चढले की सरकारला 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची, खळ बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. मग यानं कुठलासा व्हिडिओ बघून कच्चं सोयाबीनच चक्कीवर दळून तळ्यात टाकायला सुरुवात केली. "दादा, 40 टक्के प्रोटीन आहे त्यात!" आहे ना, पण माशाच्या अंगी लागत नाही.

आपण जेवलो की आधी जठरातलं आम्ल आणि पेप्सिन नावाचं एन्झाइम (पाचक रस) कामाला लागतं. रोहू, कटला, मृगल यांना जठरच नाही, खाल्लेलं सरळ आतड्यात, म्हणजे प्रोटीन फोडायची मुख्य जबाबदारी आतड्यातल्या ट्रिप्सिन या एन्झाइमवर. ट्रिप्सिन म्हणजे कात्री, प्रोटीनच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन (ही साखळीतली अमिनो आम्लं) आलं की त्याच्या पुढे कापते. सोयाबीनच्या दाण्यात याच कात्रीला अडवणारं एक प्रोटीन असतं, मोझेस कुनिट्झ या शास्त्रज्ञानं 1945 मध्ये त्याचे स्फटिक मिळवले म्हणून त्याला कुनिट्झ इनहिबिटर (अडवणारा) म्हणतात. त्याच्या 63 व्या जागी आर्जिनिन आहे, ट्रिप्सिन ते कापायला खाचेत घेतं आणि तिथंच घट्ट अडकून बसतं, आणि कायमोट्रिप्सिनसारखी बाकीची एन्झाइम्स जागी करायचं कामही ट्रिप्सिनचंच, त्यामुळे मागची सगळी रांग थांबते. मासा खातो पण वाढत नाही, न पचलेलं पाण्यात कुजतं, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो.

उष्णतेनं या प्रोटीनची घडी उलगडते आणि खेळ संपतो. शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढतात हे ऑसबर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी 1917 मध्येच दाखवलं होतं. बोमन-बर्क नावाचा दुसरा इनहिबिटर मात्र चिवट, त्याची घडी घट्ट धरून ठेवणारे सात डायसल्फाइड बंध (गंधकाचे टाके) त्यात असतात, त्याला जास्त वेळ लागतो. पण काळपट होईस्तोवर भाजू पण नका, लायसिन साखरेशी जोडलं जातं आणि मग ते माशाला मिळत नाही.

ग्रोथ पावडरच्या पुड्या विकणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, असली पुडी टाकून कच्चं सोयाबीन पचत नाही.

परवा रविवारी भावाकडे गेलो. दोन बाटल्यांत पाणी आणि चिमूटभर युरिया घातला, एकीत कच्च्या सोयाबीनचं पीठ, दुसरीत रात्रभर भिजवून अर्धा तास उकडून वाळवलेल्याचं, आणि हळदीत बुडवलेला ओला कागद तोंडावर धरला. कच्च्यात युरिएज नावाचं एन्झाइम जिवंत असतं, ते युरियाचा अमोनिया करतं, थोड्या वेळानं कागद लालसर झाला आणि नाकाला झणका बसला. उकडलेल्याचा कागद पिवळाच. युरिएज आणि इनहिबिटर साधारण बरोबरच मरतात, म्हणून कारखान्यातही खळ नीट शिजली की नाही ते असंच तपासतात.

भावानं मग चुलीवर मोठं पातेलं चढवलं. आता उकडलेलं पीठ तांदळाच्या कोंड्यात मिसळून भोकं पाडलेल्या गोणीत भरतो आणि बांबूला टांगतो, दिवसातून तीन वेळा थोडं थोडं, कारण जठर नाही म्हणजे साठवायला जागाच नाही.