आमिशांच्या वंशावळीतलं सहावं बोट

हाताला सहा बोटं, हातपाय आखूड, बऱ्याचदा हृदयातही दोष. एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड नावाचा हा आजार अतिशय दुर्मीळ. तरीही १९६४ साली डॉ. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एकट्या लँकेस्टर काउंटीत, आमिश या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांमध्ये, याचे ५२ रुग्ण नोंदवले. तोवर जगभरच्या वैद्यकीय नोंदींत मिळून जवळपास तेवढेच होते!

उलगडा झाला तो वंशावळींमुळे. आमिश लोक त्या नेटाने जपतात. सगळ्या रुग्णांची मुळं १७४४ मध्ये आलेल्या सॅम्युएल किंग आणि त्याच्या पत्नीपर्यंत पोचली.

एका जोडप्याचं जनुक इतकं पसरलं, त्यामागे धर्मश्रद्धा आहे. तान्ह्या बाळाला कसला बाप्तिस्मा? जाणत्या वयात माणसाने तो स्वतःहून घ्यावा, असं सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमधले काही ख्रिस्ती म्हणू लागले आणि त्यापायी कित्येकांनी जीव गमावला. पुढे त्यांच्यातच फूट पडली. पंथाचे नियम मोडणाऱ्याला पुरतं वाळीत टाकायचं की नाही, यावरून १६९३ मध्ये कडक शिस्तीचा याकोब आम्मान वेगळा झाला. त्याचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते अमेरिकेला येऊ लागले. लग्न पंथातच करायचं, तेही दोघांनी बाप्तिस्मा घेतल्यावर. पंथ सोडून जाणारे असतात, बाहेरून येणारे जवळपास नाहीतच. त्यामुळे तेच सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून मिळण्याची शक्यता वाढते, आणि तसं मिळालं तरच हा आजार होतो.

घोडागाडी, साधे कपडे, आठवीपर्यंतच शाळा यावरून त्यांना मागासलेलं म्हणणं मला घाईचं वाटतं. नवं यंत्र आलं की त्याने घर आणि शेजार तुटेल का, हे ते आधी पाहतात. कित्येक ठिकाणी फोन घरात चालत नाही, बाहेरच्या खोपटात चालतो. या राहणीचा एक फायदा तर त्यांच्याही ध्यानीमनी नसेल. २०१६ च्या एका अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण ५ टक्के निघालं. मिळत्याजुळत्या वंशाच्या, पण मोठी यंत्रशेती करणाऱ्या हटराइट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या मुलांत २१ टक्के. आमिश मुलं लहानपणापासून गोठ्यात वावरतात. त्यांच्या घरातली धूळ हुंगवल्यावर उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

लँकेस्टर काउंटीत १९८९ पासून आनुवंशिक आजारांच्या मुलांसाठी खास दवाखाना आहे. बहुतेक आमिश आरोग्यविमा घेत नाहीत. तेव्हा गोधड्या, लाकडी सामान लिलावात विकून दवाखान्यासाठी पैसा उभा केला जातो. आत मात्र जनुकांची अद्ययावत तपासणी चालते. ग्लुटारिक ॲसिडेमिया या आजाराचं निदान जन्मतःच झालं, तर ठरावीक आहार आणि तापात तातडीचे उपचार देऊन बहुतेक मुलांच्या मेंदूची हानी टाळता येते.