नील रोखे आणि कर्जाची अदलाबदल: सेशेल्सच्या दोन व्यवहारांत गल्लत नको

हिंदी महासागरातल्या सेशेल्स या बेटदेशाचं नाव निघालं की दोन व्यवहार एकाच दमात सांगितले जातात. एक २०१५-१६ मधला, जुन्या कर्जाच्या अदलाबदलीचा; दुसरा २०१८ मधला, नील रोख्यांचा, म्हणजे समुद्राशी निगडित कामांसाठी पैसा उभारणाऱ्या कर्जरोख्यांचा. दोन्हींत समुद्र आहे, कर्ज आहे, परदेशी संस्था आहेत. मग ‘त्यांनी समुद्र राखला आणि त्यांचं कर्ज माफ झालं’ असं एकच वाक्य होऊन बसतं. छोट्या बेटांच्या देशांत जाऊन काम करायचं मनात असलेल्या कोकणातल्या मुलामुलींच्या बोलण्यात मला ही गल्लत वारंवार दिसते. ती वेळीच सुटायला हवी, कारण कुणाच्या हातात पैसा येतो आणि कुणाच्या जाळ्याला मज्जाव होतो, हे दोन्हीकडे वेगळं आहे.

आधी कर्जाची अदलाबदल. सेशेल्सची वस्ती लाखभर. जमीन सुमारे ४५५ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. समुद्र मात्र साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे ज्या समुद्रातल्या मासळीवर नि संपत्तीवर देशाचा हक्क असतो त्या पट्ट्याच्या, निम्म्याहून जास्त. २००८ मध्ये या देशाला परदेशी कर्जाचे हप्ते भरता आले नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी, पॅरिस क्लब या कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाकडून घेतलेल्या कर्जापैकी २.१६ कोटी डॉलरचं कर्ज बाजूला काढून त्याचा सौदा झाला. द नेचर कन्झर्व्हन्सी या अमेरिकी संस्थेने १.५२ कोटी डॉलर कर्जाऊ आणि ५० लाख देणगीतून उभे केले. त्या २.०२ कोटींत हे जुनं कर्ज सोडवून घेतलं.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. सूट मिळाली ती जेमतेम १४ लाख डॉलरची. याला माफी म्हणता येत नाही. सेशेल्सने हप्ते भरायचेच होते, फक्त आता ते परदेशी सरकारांऐवजी ‘सेकॅट’ या देशातल्याच विश्वस्त निधीकडे जाऊ लागले. तिथून काही रक्कम संस्थेचं कर्ज फेडायला, काही समुद्राच्या कामाला आणि काही कायमच्या गंगाजळीत. आपल्याकडे सोसायटीचं थकलेलं कर्ज नवं-जुनं करतात, त्यातलाच हा प्रकार समजा. इथे एक तिसरा माणूस येऊन तुमची थकबाकी भरतो, तुम्ही त्याला सवडीने फेडता आणि बदल्यात लिहून देता की खाडीच्या अमुक भागात जाळं टाकणार नाही.

त्या लिहून देण्यातच सगळं वजन आहे. सेशेल्सने आपल्या समुद्राचा ३० टक्के भाग २०२० पर्यंत संरक्षित करण्याचा शब्द दिला आणि मार्च २०२० मध्ये तो पाळला. त्यातल्या साधारण निम्म्या भागात जवळजवळ सगळं बंद, अल्डाब्रा प्रवाळबेटाभोवतीचं पाणी त्यातच येतं. उरलेल्या भागात नियम पाळून मासेमारी आणि पर्यटन चालतं.

आता नील रोखे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेशेल्स सरकारने १.५ कोटी डॉलरचे दहा वर्षांचे रोखे काढले आणि तीन अमेरिकी गुंतवणूकदारांनी ते घेतले. हे सरळसरळ नवं कर्ज आहे. जुन्या कर्जाशी त्याचा संबंध नाही. जागतिक बँकेने ५० लाख डॉलरची हमी दिली, जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या पर्यावरणाच्या कामांना पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने ५० लाखांचं स्वस्त कर्ज दिलं, आणि त्यामुळे साडेसहा टक्क्यांचं व्याज सरकारला प्रत्यक्षात २.८ टक्क्यांना पडलं. रोख्यांतून आलेल्या पैशांपैकी ३० लाख सेकॅटकडे अनुदान म्हणून वाटायला गेले आणि १.२ कोटी सेशेल्सच्या विकास बँकेकडे, मासेमारीशी निगडित धंद्यांना कर्ज द्यायला. दोन्ही व्यवहारांत सेकॅटचं नाव येतं. गोंधळाचं निम्मं मूळ तिथेच आहे.

उरलेलं निम्मं मूळ बेलीझमध्ये. हा देश मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर असला तरी छोट्या बेटदेशांच्या गटात धरला जातो. २०२१ मध्ये त्याने ५५.३ कोटी डॉलरचे आपले जुने रोखे डॉलरमागे ५५ सेंट देऊन परत घेतले. त्यासाठी ३६.४ कोटींचं कर्ज मिळालं, ते उभं करायला बाजारात विकलेल्या रोख्यांना ‘नील’ म्हटलं गेलं, आणि बेलीझने २०२६ पर्यंत ३० टक्के समुद्र राखायचं कबूल केलं. नाव रोख्यांचं, व्यवहार अदलाबदलीचा. इथे सूट मात्र खरोखर मोठी होती. याउलट फिजीने २०२३ मध्ये स्वतःच्या चलनात काढलेले २ कोटी फिजी डॉलरचे नील रोखे हे शुद्ध नवं कर्ज.

मच्छीमाराच्या बाजूने पाहिलं तर फरक आणखी ठसठशीत होतो. रोख्यांचा पैसा त्याच्यापर्यंत कर्ज होऊन येतो. तेव्हा बँकेत बसलेल्या माणसाला अवघड प्रश्न सोडवावा लागतो: हे कर्ज जास्त मासळी मारायला लागणार, की मारलेल्या मासळीला जास्त भाव मिळवायला? मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर जाळ्याला तारली भरपूर लागली की हे समोर दिसतं. बर्फ वेळेत पोचला नाही तर टपातल्या तारलीचं पोट फुटतं, आणि खायची मासळी फिशमीलच्या, म्हणजे मासळीची पूड करणाऱ्या कारखान्याच्या, भावाने जाते. तिथे बर्फाची सोय करायला दिलेलं कर्ज समुद्रावर एका माशाचाही जादा भार न टाकता घरात पैसे आणतं. मोठ्या इंजिनाला आणि बारीक आसाच्या जाळ्याला दिलेलं कर्जही कागदावर ‘नील’च दिसेल, पण त्याने किनारा चार वर्षांत रिकामा होईल. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात मोलाचं काम हेच तपासणं आहे, आणि किनाऱ्यावर वाढलेला माणूस ते इतरांपेक्षा चांगलं करू शकतो.

अदलाबदलीत मच्छीमाराला आधी नकाशा दिसतो. दांडीवरच्या एका रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्या) काकांना मी सेशेल्सच्या राखीव क्षेत्रांचा नकाशा दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “रेघ मारूच्या आधी थंयच्या रापणकारांका कोणी इचारल्यान काय?” हा प्रश्न त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला. सेशेल्समध्ये आखणीचं काम २०१४ मध्ये सुरू झालं, सहा वर्षं चाललं, आणि मच्छीमार, पर्यटनवाले, बंदरवाले सगळे चर्चेला होते. सहा वर्षं लागली ती वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही.

म्हणून शिकतानाच दिशा ठरवावी. अदलाबदलीच्या कामाला सागरी आखणी, नकाशे, प्रवाळ आणि समुद्री गवताची मोजणी, करारातल्या अटींवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारी माणसं लागतात. रोख्यांच्या कामाला पतपुरवठा, मासळी प्रक्रिया, शीतसाखळी जाणणारी. रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्यशास्त्र शिकलेल्याला दोन्ही दारं उघडी आहेत, पण दुसऱ्यासाठी हिशेबाची जोड घ्यावीच लागेल.

कोकणात यातलं काय येऊ शकतं? परदेशी कर्जाची बोलणी केंद्र सरकारची, त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीच्या नावाने अदलाबदल होणं नाही. रोखे मात्र येऊ शकतात. सेबी या रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये हरित रोख्यांच्या व्याख्येत नील रोख्यांनाही जागा दिली आहे. उद्या असे रोखे निघाले तर त्यांच्या कागदपत्रांत पैसा नेमका कशावर खर्च होणार याचा तपशील असेल. तिथे बर्फ कारखाना आहे, कालवं-शिंपल्यांची शेती आहे, की नुसताच ‘किनारी विकास’ असा मोघम शब्द आहे, ते पाहायचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट कांदळवनाची सफर चालवतो, तसल्या कामाला त्यातून किती जाणार, हेही विचारायचं. मच्छीमार सोसायटीने तेवढा तपशील मराठीत मागून घ्यावा आणि सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचून दाखवावा, सह्या व्हायच्या आधी.